पिंजाऱ्याच्या घरातली खारीची पिल्लं

शाळेच्या रांजणात खार मेलेली सापडली, तेव्हा मला त्या गावात नोकरीला लागून तीन महिने झाले होते. साठ सालाच्या आगेमागे. कळंबच्या अलीकडे, सडकेपासून कोसभर आत असलेलं गाव. मुलींची चौथीपर्यंतची शाळा, तिच्या दोन खोल्या आणि आम्ही दोन बाया. मोठ्या बाई गावातल्याच, लेकुरवाळ्या. मी बावीस वर्षांची, यवतमाळहून आलेली, आईला सोडून पहिल्यांदाच एकटी राहत होते.

रांजणाचं झाकण कुणीतरी नीट ठेवलं नव्हतं. सकाळी एका मुलीनं पाणी काढायला गडवा बुडवला आणि त्याच्याबरोबर खार वर आली. तिची झुबकेदार शेपटी भिजून दोऱ्याएवढी झाली होती. शिपायानं तिला बाहेर नेऊन टाकलं, रांजण पालथा घालून घासला. ते तेवढ्यावर मिटलं, असं मला वाटलं.

दुपारी मुली पाढे म्हणत होत्या. म्हणता म्हणता एकेक मुलगी गप्प व्हायला लागली. मी वर पाहिलं. छपराच्या आढ्याकडून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मुली थांबल्या की तो थांबे. पाढा सुरू झाला की तोही सुरू होई, जणू कुणी वर बसून आमच्याबरोबर म्हणतंय. पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ते मेलेली खार बोलून राह्यली." एकही मुलगी हसली नाही.

शिपायानं शिडी लावून घरटं खाली काढलं. कापूस, काथ्या, रिबिनीचा एक तुकडा आणि आमच्याच मुलींच्या केसांची गुंतवळं. त्यात तीन पिल्लं होती. अंगठ्याएवढी, डोळे मिटलेले, पाठीवर पट्ट्यांच्या नुसत्या सावल्या. मला आठवतात ते त्यांचे हात. वेगळी वेगळी बोटं आणि बोटांना नखं. एका पिल्लानं माझ्या करंगळीला धरलं आणि सोडेना.

"झाडाखाली ठेवून द्या बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "मायशिवाय जगत नाही ते. कावळे घेऊन जातील."

मी डबा रिकामा केला आणि त्यातून त्यांना घरी आणलं.

मी भाड्यानं राहायची ते घर पिंजाऱ्याचं होतं. म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. गाद्या-रजयांचा जुना कापूस पिंजून देणं हा त्यांचा धंदा. माझी खोली घराच्या एका कडेला होती; दार गल्लीत उघडायचं, कुलूप माझं. एका भिंतीत कमरेएवढ्या उंचीचं एक बुटकं दार होतं. ते उघडत नसे. मी ते भिंतीतलं बंद कपाट समजले होते आणि त्याच्या खुंटीला साडी अडकवत असे. भिंतीपलीकडे पिंजण्याची पडवी होती. दिवसभर तिथून कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ताणलेल्या तातीचा टणत्कार यायचा. सुरुवातीला डोकं उठायचं. मग सवय झाली, इतकी की तो थांबला की मी दचकायची.

शेळीचं दूध आणून मी त्यात पाणी घातलं, कोमट केलं आणि कापसाच्या वातीनं एकेकाला पाजलं. पिल्लं वात चोखत, हातांनी धरून ओढत. पोटं टम्म झाली की मला समाधान वाटे. सकाळी शाळेत जाताना पाजायची, मधल्या सुट्टीत धावत यायची, संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांतलं एक मेलं. पोट ढोलक्यासारखं ताणलेलं, कातडी निळसर. भरपूर दूध पिणारंच मेलं. कसं, ते मला कळेना. मी त्याला अंगणातल्या निंबाखाली पुरलं आणि शाळेत गेले.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत येता आलं नाही. पाचला घरी आले ती दोन्ही मेलेली पाहायची तयारी करूनच. कुलूप उघडलं. टोपलीत दोघं झोपली होती. अंगं कोरडी, स्वच्छ. पोटं भरलेली, पण मऊ. आणि मी गुंडाळलेल्या चिंध्या कुणीतरी बाजूला काढून त्यांना नव्या पिंजलेल्या कापसात ठेवलं होतं. तो कापूस वाटीसारखा वळवलेला होता, कडा आत दुमडून, खारीचं घरटं असतं तसा.

मी सुनेकडे गेले. ती भाकऱ्या थापत होती.

"भाभी, तुम्ही माझ्या खोलीत आला होता?"

"कुलूप तुमचं, बाई. मी कशी येणार?"

"मग कोण आलं? पिल्लांना दूध पाजलंय कुणीतरी."

तिचा हात परातीतच थांबला. "त्या खोलीत आमच्यातलं कोणी जात नाही," ती म्हणाली. "ते अम्मीची खोली होती. तिथंच गेल्या त्या. तीन वर्षं झाली. अब्बानं तर तवापासून उंबरठा नाही पाह्यला." मग माझ्याकडे न पाहता, "अम्मी खारीचे पिल्लं पोसायच्या. दरसाल निंबावरून एखादं घरटं पडेच."

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. खोली घेताना एवढंच सांगितलं होतं, की कौलं गळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कडीला काळा दोरा बांधून गेले. संध्याकाळी दोरा होता तसा होता, गाठ माझीच होती, आणि आत वात अजून ओली होती. पितळी झाकणात थोडं दूध उरलं होतं. तिसऱ्या दिवशी, सकाळी मी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली चटई खोलीच्या मधोमध पसरलेली होती आणि खोलीत मिश्रीचा वास होता. तंबाखू तव्यावर भाजून करतात ती. माझी आजी लावायची, म्हणून वास मी लगेच ओळखला. या घरात ती कुणी लावत नव्हतं.

मी खोली सोडायला हवी होती. पण दुसरी खोली गावात नव्हती. आणि खरं सांगायचं तर पिल्लं वाढत होती. माझ्या हातून एक मेलं होतं. जे कुणी येत होतं त्याच्या हातून ही जगत होती. पाठीवरचे पट्टे उमटले होते, शेपटीवर लव आली होती. मी रोज भीत भीत कुलूप उघडायची आणि उघडल्यावर पहिल्यांदा टोपलीकडेच धावायची. रात्री दिवा बारीक करून जागी राहायची. रात्री मात्र कधीच काही झालं नाही. जे व्हायचं ते भर दुपारी, गल्लीत ऊन रखरखत असताना, मी शाळेत असताना.

मग एके दिवशी गावातलं एक वृद्ध माणूस वारलं आणि शाळा बाराला सुटली. गल्लीत शिरले तेव्हा लक्षात आलं, धनुकलीचा आवाज नाही. दाराशी आले. कुलूप लागलेलं. आतून कुणीतरी बोलत होतं.

पुरुषाचा आवाज होता, अगदी हळू. एक वाक्य, मग थांबणं. मग पुन्हा एक वाक्य. समोरच्याचं ऐकून घेऊन उत्तर द्यावं तसं.

"हव... हव, समजलं... नाही, जास्त गरम नाही, बोट बुडवून पाह्यलं ना... अगोदर पुसू? बरं."

मी दाराच्या फटीला डोळा लावला. भिंतीतलं बुटकं दार सताड उघडं होतं आणि त्यातून पडवीतला उजेड येत होता. चटईवर म्हातारा बसला होता, माझ्याकडे पाठ करून. तळहातावर पिल्लू. त्याच्या समोर चटईचा अर्धा भाग रिकामा होता आणि त्या रिकाम्या भागापुढे मिश्रीची पत्र्याची डबी उघडून ठेवली होती. तो पिल्लाला वात द्यायचा, मग मान वर करून समोर पाहायचा. "इतकं पुरे?" असं विचारून थांबला. मीही श्वास धरून थांबले. उत्तर आलं नाही. निदान मला ऐकू आलं नाही. त्यानं मान हलवली आणि वात खाली ठेवली.

मग मागे न वळताच तो म्हणाला, "बेटी, आत ये. ते म्हणून राह्यली, तू कवाची दारात उभी हायेस."

माझी सावली फटीतून आत पडली असेल. माझ्या चपला वाजल्या असतील. हे मी नंतर स्वतःला हजारदा सांगितलं. त्या क्षणी मी गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेले आणि तिथल्या ओट्यावर बसून राहिले.

संध्याकाळी म्हाताऱ्याचा मुलगा परत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. भाडेकरणीच्या, त्यातून एकट्या बाईच्या खोलीत आपला बाप शिरतो, ही त्याला मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट होती. मी कपाट समजत होते ते दार पडवीत उघडत होतं, कडी पलीकडून होती आणि पलीकडे कापसाच्या गाठोड्यांमागे ते झाकलेलं होतं. मुलगा हातोडी आणि दोन फळ्या घेऊन आला. त्यानं माझ्या बाजूनं फळ्या आडव्या ठोकल्या. ठोकताना भिंत हादरत होती आणि टोपलीत पिल्लं एकसारखी चिरकत होती.

"तुमच्या वडिलांना पिल्लं पाजता येतात?" मी मुलाला विचारलं. दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून विचारलं.

त्यानं हातोडी खाली ठेवली. "तेच समजत नाही, बाई. अब्बाले खारीची शिसारी यायची. अम्मी पिल्लं पाळायची तर हे त्या खोलीत जेवत नव्हते. कधी हात नाही लावला त्याईनं. मले नाही येत ते काम, त्याईले कुठून येते?"

फळ्या ठोकल्यावर मला मोकळं वाटायला हवं होतं. पहिल्या दिवशी वाटलंही. दुसऱ्या दिवशी लहानगं पिल्लू वात तोंडात घेईना. तेच दूध, तीच वात, तीच वेळ. पण ते मान फिरवी. तिसऱ्या दिवशी, रविवारी, त्याचं पोट ताणायला लागलं, पहिल्यासारखंच. अंग गार पडत चाललं होतं. पलीकडे तीन दिवस धनुकली वाजली नव्हती. सून सकाळी पाण्याला जाताना म्हणाली, "अब्बा जेवले नाही. दारासमोर बसून राह्यले नुसते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

दुपारी मी पिल्लू ओंजळीत घेऊन बसले होते. फुंकर घालत होते, दुसरं काही येत नव्हतं. तेवढ्यात बुटक्या दारावर पलीकडून बोटाचं पेर वाजलं. मी हलले नाही.

"बेटी." आवाज फळीला अगदी चिकटून येत होता, माझ्या खांद्याच्या उंचीवरून. "त्याचं पोट फुगलं ना?"

त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता. बुटक्या दारात फटही नव्हती. असती तर पहिल्या आठवड्यातच मी ती पाहिली असती.

"फुगलं," मी म्हटलं.

"ते म्हणते, कापूस ओला कर. कोमट पाण्यात. पोटाखाली पुस, मागच्या पायाच्या मधात. माय जिभेनं चाटते ना, तसं. चाटल्याशिवाय लेकराईले मुतता येत नाही. दूध आत जाते अन् बाहेर निघत नाही. पहिलंही तसंच मेलं."

"चाचा, कोण म्हणतं?"

मग तो म्हणाला, "तू पुस ना अगोदर."

मी चुलीवरच्या पातेल्यातून कोमट पाणी घेतलं, बोळा भिजवला आणि पिल्लाला उताणं न करता, मुठीत उभं धरून पुसायला लागले. काही होईना. "हळू," पलीकडून आवाज आला, "घाई नको करू." मी हळू केलं. आणि मग माझ्या तळव्यावर ऊन ऊन धार आली, कितीतरी वेळ येत राहिली. पोट खाली बसलं. पिल्लानं तोंड उघडलं आणि बोट चोखायला लागलं. मी ओंजळ छातीशी धरून मोठ्यानं रडले. पलीकडे तो हसला की रडला, मला कळलं नाही.

संध्याकाळी मीच मुलाला फळ्या काढायला लावल्या. तो तयार नव्हता. "लोक काय म्हणतील, बाई?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी घरी असेन तेव्हाच ते येतील, पडवीतलं दार उघडं राहील, भाभी समोर असतील. तसं ठरलं. मी मधली सुट्टी आणि सकाळ-संध्याकाळ अशा वेळा बांधल्या. म्हातारा वाकून त्या दारातून यायचा. गल्लीतल्या दारानं तो एकदाही आला नाही.

पहिल्या दिवशी मी चटईच्या रिकाम्या बाजूला बसायला गेले.

"तिथं नको," तो पटकन म्हणाला. रागानं नाही, भरलेल्या जागेवर कुणी बसायला लागलं तर आपण म्हणतो तसं.

मग मी जमिनीवरच बसत असे. त्याच्या वाकड्या, तातीनं घट्टे पडलेल्या बोटांना पिल्लू धरायचं कसं ते ठाऊक होतं आणि नव्हतंही. तो चुकायचा, थांबायचा, मान वर करायचा, मग बरोबर करायचा. माझ्याशी बोलणं फार कमी. एकदा मी धीर करून विचारलं, "त्या असताना तुम्ही शिकला नाहीत?"

"तवा पाह्यलंच नाही," तो म्हणाला. "कायले हा खटाटोप, असं म्हणायचो. आता सांगते तर ऐकतो."

पिल्लांचे डोळे उघडले ते दिवाळीच्या अलीकडे. एका दिवसात नाही; आधी एक बारीक चीर, मग दुसऱ्या दिवशी काळा ओला ठिपका. मोठ्याचे डोळे पुरते उघडले तेव्हा ते म्हाताऱ्याच्या हातावर होतं. मी समोर वाकून त्याला चुटकी वाजवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, म्हाताऱ्याकडेही नाही. मान वळवून ते चटईच्या त्या बाजूला पाहत राहिलं. बसलेल्या माणसाचं तोंड जिथं असतं, त्या उंचीवर.

पुढे पाय फुटल्यावर दोघंही हातातून सुटली की तिकडेच जायची आणि चटईच्या त्या भागावर अंग चोरून झोपायची. कौलांत एक काच होती, दुपारचं ऊन त्याच भागावर पडायचं. चटई तिथं उबदार असणार. ही गोष्ट मी मुलीला, नातवंडांना सांगताना काच कधी वगळत नाही. पण आभाळ भरून आलेल्या दिवशीही ती तिथंच झोपायची. थंडीच्या सकाळीही, ऊन यायच्या कितीतरी आधी. मी शेगडी दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिली. ती शेगडीकडे गेली नाहीत.

मला भीती वाटायची का? वाटायची. पण माणूस भीतीतही स्वयंपाक करतो, वह्या तपासतो. मी खोलीत वावरताना चटईच्या त्या बाजूला वळसा घालून जायला लागले आणि काही दिवसांनी लक्षात आलं, की वळसा घालताना मी पदर सावरते, वडीलधाऱ्या बाईपुढून जाताना सावरतो तसा. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पिल्लं शेंगदाणे कुरतडायला लागली, पडद्यावर चढायला लागली, मग आढ्यावर. कार्तिक संपता संपता मोठं खिडकीतून निंबावर गेलं. रात्री परत आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं. लहानगं आठवडाभर मागे राहिलं. एके सकाळी तेही खिडकीच्या गजावर बसलं, शेपटी झटकली आणि गेलं.

त्या दुपारी म्हातारा वेळेवर आला. दारातूनच त्यानं टोपली रिकामी पाहिली, मग चटईकडे पाहिलं. वाकून मिश्रीची डबी उचलली, झाकण लावलं.

"गेली," तो म्हणाला.

"हो, सकाळीच गेलं," मी म्हटलं. "येईल परत रात्री."

त्यानं मान हलवली. तो पिल्लाबद्दल बोलत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा दुःखी नव्हता. खूप दिवसांची पाहुणी गाडीत बसवून आलेल्या माणसासारखा होता, थकलेला आणि थोडा मोकळा. त्यानं डबी खिशात घातली आणि मागे दार ओढून घेतलं. पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला. अर्ध्या तासानं धनुकली वाजायला लागली. नवा कापूस गावात आला होता, रजया भरायचे दिवस होते. तो पुढे कधी खोलीत आला नाही. अंगणात भेटला की "कशी हायेस, बेटी?" एवढंच विचारायचा.

लहानगं रात्री परत आलं नाही. मार्गशीर्षात भाभीला अंगणात मांजरीनं मारलेली एक खार सापडली. आमच्या पिल्लांपैकी होती की नाही, ते सांगता येत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली, उमरखेडकडे, ढाणकीच्या जवळ. सामान बैलगाडीत चढवल्यावर मी निंबाखाली गेले, मुठीत शेंगदाणे धरून चुक् चुक् केलं. झाडावर तेव्हा चार-पाच खारी होत्या. त्यांचं चिर्र चिर्र थांबलं. सगळ्या खोडाला चिकटून निश्चल झाल्या, परक्या माणसाला पाहून होतात तशा. मी शेंगदाणे मुळाशी ठेवले. गाडीवाला बस चुकेल म्हणून हाका मारत होता.